अस्सलराव इटलीत जेवतात

इटलीला जाणाऱ्या मराठी माणसांत दोन पंथ आहेत. पहिला पंथ सहल कंपनीच्या झेंड्यामागून चालतो, कोलोसियम बघताना रात्रीच्या जेवणाची चौकशी करतो आणि फ्लोरेन्समध्ये वरण-भात मिळाला की सगळ्या युरोपला माफ करून टाकतो. दुसरा पंथ अलीकडे फोफावलाय. तो पहिल्या पंथाच्या डब्यातल्या ठेपल्यांकडे दयेनं बघतो. अस्सलराव या दुसऱ्या पंथाचे.

त्यांचं आडनाव काहीही असू शकतं, आणि पत्ता कोथरूडचा, पार्ल्याचा किंवा न्यू जर्सीचाही. ओळखायची खूण एकच. विमानात बसल्या बसल्या ते शेजारच्याला सांगतात, “इटालियन जेवण असं काही नसतंच मुळी!” यात चूक काही नाही. इटली हा देशच १८६१ साली एकत्र आला. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९१ मध्ये, पेल्लेग्रिनो आर्तुझी नावाच्या रेशमाच्या व्यापाऱ्यानं पाककृतींचं पुस्तक पदरच्या पैशानं छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या, त्या वाढत वाढत ७९० झाल्या. त्यातही भर उत्तरेकडच्या आणि मधल्या प्रांतांवर. दक्षिणेच्या वाट्याला फार थोडं आलं. हे सगळं ऐकून होईतो शेजारच्यानं डोळ्यांवर पट्टी ओढलेली असते.

प्रवासाची आखणी एक्सेलमध्ये. मिलान, जेनोआ, बोलोन्या, फ्लोरेन्स, रोम, नेपल्स. प्रत्येक गावापुढे पदार्थ, दुकान, सुट्टीचा वार. शेवटचा रकाना ‘म्युझियम’चा आणि त्यात सगळीकडे एकच नोंद: वेळ उरल्यास.

मिलानमध्ये केशराचा पिवळाधमक रिसोत्तो झाला आणि यादीवर खूण झाली. वहिनींना तो आवडला. त्यात गाईच्या हाडातला मगज घालायची जुनी पद्धत आहे, हे अस्सलरावांनी त्यांना आगगाडीत सांगितलं. अशा माहितीची वेळ साधण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

जेनोआची गोष्ट वेगळी. तिथल्या जुन्या गल्ल्यांत लाकडाच्या भट्ट्यांची छोटी दुकानं आहेत. चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्याच ऐवजाचं पातळ पीठ तांब्याच्या कल्हई केलेल्या भल्यामोठ्या परातीत ओतायचं आणि परात भट्टीत सरकवायची. वरून डाग पडलेली, कडेला कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत अशी फारिनाता बाहेर येते. बाई सुरीनं तिचे ओबडधोबड तुकडे करते, कागदावर टाकते, हवी तर मिरपूड. अस्सलराव फोटोसाठी उजेड शोधत होते, तोवर वहिनींचा पहिला तुकडा संपला होता.

“अहो, हे बेसनाचं धिरडं आहे.”

“फारिनाता म्हणतात तिला.”

“तेच ते. उलटायचं राहिलंय आणि कोथिंबीर विसरलेत.”

मग वहिनींनी हातवारे करून भट्टीवाल्या बाईंना पीठ किती वेळ भिजवता म्हणून विचारलं. बाईंनी बोटं मोजून दाखवली, पिठावरचा फेस झाऱ्यानं काढतात तेही करून दाखवलं. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि अडतही नव्हतं. अस्सलराव त्या वेळी तीच माहिती फोनवर शोधत होते.

बोलोन्या ही त्यांची काशी. स्पॅगेटी बोलोन्येज नावाचा पदार्थ बोलोन्यात कुणी मानत नाही, हे त्यांनी कितीतरी लग्नांत पास्ता-काउंटरवरच्या पोऱ्यांना सुनावलंय. खिम्याचा रागू तिथे तालियातेल्लेवर येतो, म्हणजे अंडं घालून मळलेल्या पिठाच्या चपट्या पट्ट्यांवर. या पट्टीची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर असावी, असं १९७२ साली शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलं गेलं आणि नमुन्यादाखल सोन्याची पट्टी ठेवली गेली. हे माप म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग, असा हिशेबही लोक सांगतात. रागूची कृती १९८२ मध्ये नोंदली आणि २०२३ मध्ये सुधारून पुन्हा नोंदली. जेवणाचे असे दस्तऐवज करणाऱ्या गावात अस्सलरावांना माहेरी आल्यासारखं वाटलं तर नवल नाही. त्यांनी वहिनींच्या शिवणाच्या डबीतली टेप मागून घेतली आणि ताटातली एक पट्टी मोजली. साडेआठ भरली. वेटरला बोलावून दाखवली. वेटरनं टेपकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं आणि ताटली निवत असल्याची खूण केली.

इथेच या पंथाची गंमत आहे. इटालियन माणूस आपल्या गावच्या पदार्थाबद्दल हट्टी असतो, पण पाहुण्यानं काय खावं याची त्याला फारशी पडलेली नसते. सोवळं सगळं अस्सलरावांकडे. फ्लोरेन्समध्ये वहिनींनी दुपारच्या जेवणावर कॅपुचिनो मागवला. दुधाची कॉफी सकाळची, जेवणानंतर नुसती एस्प्रेसो, हा तिथला रिवाज खराच. वेटर निमूटपणे कॅपुचिनो ठेवून गेला. शरमेनं मान खाली घातली ती अस्सलरावांनी. तिथला पाव बिनमिठाचा असतो. त्यावर वहिनींनी मीठ भुरभुरवलं तेव्हा तर ते उठून बिल द्यायलाच गेले. बिलात कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसल्याचे माणशी दोन-तीन युरो, लावलेले पाहून मात्र त्यांचा चेहरा खुलला. ती प्रथा जणू त्यांच्याच घराण्यानं सुरू केली होती.

त्यांचा आणखी एक नियम: दारात पदार्थांचे रंगीत फोटो लावलेल्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही. रोममध्ये यादीतली खानावळ शोधत दोघं तासभर चालली आणि पोचली तेव्हा तीन वाजले होते. दुपारची स्वयंपाकघरं अडीचच्या सुमाराला बंद होतात आणि संध्याकाळी साडेसातच्या आत चूल पेटत नाही. वहिनी काही न बोलता कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या हॉटेलात जाऊन बसल्या. लझान्या बरी होती, असं त्या अजून सांगतात. तेवढ्यात अस्सलराव विषय बदलतात.

रोमची खरी कसोटी दोन दिवसांनी लागली. गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी, असा रोमन खानावळींचा जुना क्रम आहे. वहिनी गुरुवारी सामिष खात नाहीत. बटाट्याच्या न्योक्की, नुसता टोमॅटोचा सॉस, वर किसलेलं पेकोरिनो. त्या खूश होऊन जेवत होत्या. आता पेकोरिनो रोमानो हे चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. उत्तरेच्या पार्मिजानोला वासराचं रेनेट लागतं. अस्सल म्हणवायचं तर नियमानंच तसं करावं लागतं. हे अस्सलरावांना पाठ होतं. ते दोनदा बोलायला तोंड उघडून थांबले. हातातली माहिती गिळून टाकायची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ असावी. “आज गप्प का?” वहिनींनी विचारलं. “गरम आहे,” ते म्हणाले.

त्यांच्या कार्बोनाराची कथा तर कुणी त्यांच्या कानावर घालू नये. अंडं, पेकोरिनो, मिरी, डुकराच्या गालाचं खारवलेलं ग्वांचाले, आणि क्रीमचा थेंबही नाही, हे त्यांचं श्रद्धास्थान. पण या पदार्थाची छापील कृती सापडते ती १९५२ सालच्या शिकागोच्या एका पुस्तकात, आणि १९५४ मध्ये इटलीतल्याच ‘ला कुचिना इतालियाना’ मासिकानं जी कृती दिली तिच्यात लसूण होता आणि ग्रुएर हे स्विस चीज.

नेपल्समध्ये पिझ्झा भट्टीत जातो तिथे ४८५ अंशांच्या आसपास तापमान असतं आणि ६० ते ९० सेकंदांत काम होतं. मारिनारा म्हणजे समुद्रातलं काहीतरी नव्हे, त्यात चीजसुद्धा नसतं, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, हे समजावण्याच्या मध्यावरच पिझ्झा समोर आला. वहिनींनी सुरुवात केली.

परतल्यावर पंधरवड्यात मित्रमंडळींनी त्यांना बाणेरच्या एका नव्या इटालियन हॉटेलात नेलं. मेनूवर कार्बोनारा होता. अस्सलरावांनी चष्मा पुसला, वेटरला जवळ बोलावलं आणि ग्वांचाले कुठलं वापरता, अंडं आचेवरून उतरवल्यावर घालता की आधी, अशी उलटतपासणी सुरू केली. पोरगा शांतपणे ऐकत होता. त्यानं वहीत काहीतरी लिहूनही घेतलं.

“काळजी नको, काका,” तो म्हणाला, “जैन करून देतो.”