बसला की माती, उडाला की पिवळा

पट्टेरी पंखांच्या नाकतोड्याची खूण त्याच्या मागच्या पंखांवर असते आणि ते पंख तो उघडतो फक्त पळून जाताना. सुटलेल्या एसटीची पाटी मागून धावत वाचण्यातला हा प्रकार.

पाऊस ओसरला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर जावं. पायाशी मातीचं ढेकूळ उडतं, पिवळाधमक पंख आणि त्यावरची काळी कमान क्षणभर दिसते, आणि दहा पावलांवर पुन्हा ढेकूळ! आता हा ऑडेलियस की गॅस्ट्रिमार्गस? पंख दोघांचेही तसलेच. अंगाच्या रंगावर तर जाऊच नये, कारण एकाच जातीत हिरवेही निघतात आणि तपकिरीही. "हिरवा तो एक, तपकिरी तो दुसरा असं लिहा आणि चला घरी," असं आमच्या हिनं सुचवलं होतं. शास्त्राला एवढी सोय मंजूर नाही.

खरी मेख डोक्यामागच्या ढालीवर. तिथे फिकट फुली दिसली तर ऑडेलियस. फुलीऐवजी मधोमध उंच, कमानदार कणा असला तर गॅस्ट्रिमार्गस. रिची नावाच्या गृहस्थांनी १९८१ मध्ये पहिल्यावर आणि १९८२ मध्ये दुसऱ्यावर भलेथोरले प्रबंध लिहिले. संग्रहालयातला नाकतोडा टाचणीला टोचलेला असतो, तो उडत नाही, हा या शास्त्राचा केवढा आधार!

या सगळ्यांत सज्जन म्हणावा तो ट्रायलोफिडिया. अंगानं लहान, धुळकट. पण ढालीवरच्या कण्याला दोन खाचा, त्यामुळे बाजूनं पाहिलं की दातेरी दिसतो. न उडता ओळख देतो. बाकी घराणं तऱ्हेवाईकच. नाव पडलं पट्ट्यावरून, आणि घरातला सर्वांत नामांकित सभासद, तो पिकं फस्त करणारा प्रवासी टोळ, त्याच्या मागच्या पंखांवर पट्टाच नाही!

फुली पाहायची तर गुडघ्यांवर रांगत, श्वास रोखून हातभर अंतरावर पोचावं लागतं. नेमके तेव्हाच फिरायला आलेले एखादे काका थांबतात. "काय, किल्ली पडली का?" मान हलवायचीही चोरी. काका परोपकारी, लगेच वाकून शोधू लागतात. त्यांची सावली ढेकळावर पडते आणि ढेकूळ पिवळं होऊन निघून जातं.

तेव्हा टेकडीवर कुणी रांगताना दिसलं तर कृपया मदतीला धावू नका. अगदीच राहवलं नाही, तर निदान उन्हाच्या बाजूनं तरी येऊ नका.