गर्दी झाली, गुरुजी!

लग्नाची पत्रिका हातात पडली की माणूस आधी तारीख बघतो, मग जेवण किती वाजता ते बघतो, आणि शेवटी आपलं नाव कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली छापलंय ते बघतो. आमचा संपादक पत्रिका उलटी धरतो. अक्षरशः उलटी, गणपतीचे पाय आभाळाकडे करून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मी याला शिकवलेलं सगळं वाया गेलं.

"वाचायची नाही गुरुजी, बघायची," तो म्हणाला. "उलटी धरली की अक्षरं दिसत नाहीत, नुसते काळे-लाल डाग दिसतात. डाग कुठे जास्त झाले ते लगेच समजते." मग डोळे बारीक करून त्याने पत्रिका हातभर लांब नेली. एक गणपती, दोन कलश, चार कोपऱ्यांत चार मोर, वधूवरांच्या नावांना सोनेरी सावली, आणि खाली बत्तीस निमंत्रक. सुस्कारा टाकून तो म्हणाला, "गर्दी झाली, गुरुजी!"

हे त्याचं पालुपद. पत्रिकेत गर्दी होते, फोटोत गर्दी होते, बॅनरवर तर होतेच होते. त्याच्या आईने एकदा ताटात भात, वरण, दोन भाज्या, ठेचा, पापड आणि वर लोणच्याची फोड वाढली, तेव्हाही तो हेच म्हणाला म्हणे. माऊलीने ताट उचलून नेलं आणि भाकर-चटणी आणून ठेवली. "घे, आता बस मोकळ्या जागेत."

असा एक पोट्टा आता गावोगावी असतो. खिशात काचेला तडा गेलेला फोन, पाठीवर कोणाची तरी जुनी बॅग, आणि तोंडात मार्जिन. आमच्या वांकिडीच्या पोट्ट्याचं खरं नाव हॉलतिकिटावर तेवढं उरलंय. तो चंद्रपूरच्या एका कॉलेजात शिकतो आणि तिथल्या वार्षिकांकाचा विद्यार्थी-संपादक आहे. ही बातमी गावात आली त्या दिवसापासून तो संपादक झाला. तेलुगू बोलणारे त्याला 'संपादक अन्ना' म्हणतात.

वार्षिकांक ही काय चीज असते ते सगळ्यांनाच माहीत आहे. अध्यक्षांचा संदेश, प्राचार्यांचं मनोगत, आई या विषयावरच्या सात कविता, पावसावरच्या पाच, सहलीचं वर्णन, आणि मुखपृष्ठावर इमारत. अंक वाटला जातो त्या दिवशी पोरं आपला फोटो शोधतात आणि दुसऱ्या दिवशी अंक कपाटाखाली जातो, बहुधा कपाट डुगडुगतं म्हणून. पण या पोराने तो अंक फारच मनावर घेतला. पहिल्या वर्षी लेख गोळा करायला लावलं, दुसऱ्या वर्षी फोटो काढायला, आणि तिसऱ्या वर्षी सगळा अंकच त्याच्या गळ्यात पडला. तिथे तो जे जे शिकला ते सुट्टीत घरी आला की आम्हाला शिकवतो. मी आयुष्यभर वर्गात जेवढं बोललो नसेन तेवढं हा माझ्या ओट्यावर बसून बोलतो.

पानं नेहमी चारच्या पटीत असतात, हे त्याचं पहिलं ज्ञान. एक मोठा कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून मधल्या पिनेचा अंक 60 पानी होतो, 64 पानी होतो, 61 पानी होऊ शकत नाही. त्याचा मजकूर नेमका 61 पानं भरला. उरलेली तीन पानं सुंदर कोरी सोडावीत असं याचं म्हणणं. वरच्या मंडळींनी रातोरात त्यांत सुविचार भरले. त्यातला एक सुविचार 'कमी बोला' असा होता आणि तो अर्धं पान मोठ्या अक्षरांत होता, हे दुःख तो अजून सांगतो.

दुसरं ज्ञान पिनेचंच. अंकाच्या बरोबर मधल्या दोन पानांवर त्याने स्नेहसंमेलनाचा आडवा फोटो पसरवला. पाहुणे रिवाजाप्रमाणे मध्यभागी. अंक बांधून आला तर पिना थेट पाहुण्यांच्या जाकिटावर, वर एक, खाली एक. छापखान्याने त्यांना दोन बटणं फुकट लावून दिली. तेव्हापासून हा कोणत्याही समूहचित्रात मुख्य माणसाला मधे उभा करत नाही. गावात याचा केवढा घोटाळा होतो! सरपंचांना "सर, जरा डावीकडे सरका," म्हटलं की आजूबाजूचे दहा जण त्याचा राजकीय अर्थ काढतात.

कागदाच्या बाबतीत मात्र मी त्याच्यापुढे हात जोडले आहेत. पत्रिका असो की किराण्याचं बिल, दोन बोटांत धरून कागद चोळतो, कानाशी फडफडवतो आणि सांगतो: "सत्तरचा मॅपलिथो." यात नवल नाही म्हणा. या पोराची सगळी ये-जा दोन कागद गिरण्यांच्या मधली. चंद्रपूरला जाताना बल्लारपूरची गिरणी वास पाठवून आपली ओळख देते, आणि इकडे आमच्या बाजूला सिरपूर कागजनगर, जिथे गावाच्या नावातच कागद आहे. निजामाच्या काळात उभी राहिलेली ती गिरणी 2014 साली बंद पडली आणि 2018 साली नव्या मालकाकडे जाऊन पुन्हा सुरू झाली. "आपल्या जंगलातला बांबू गुरुजी, तिकडे जाऊन कागद झाला, आणि त्यावर आपले लोक असे मोर छापतात," असं म्हणून तो पुन्हा पत्रिकेकडे दुःखाने बघतो.

फोटोच्या बाबतीत त्याचा छळ आणखी वरचा. पूर्वी आमच्याकडे फोटो म्हणजे भर दुपारी बारा वाजता, उन्हात, ओळीने उभं राहून, श्वास रोखून. हा म्हणतो, बारा वाजता डोळ्यांच्या जागी दोन खड्डे दिसतात. म्हणून सगळ्यांना पहाटे सहाला उठवतो नाहीतर संध्याकाळी शेतावर नेतो. घरात काढायचा झाला तर दाराशी बसवतो, दरवाजाच्या उजेडाकडे तोंड अर्धं वळवायला लावतो आणि दुसऱ्या बाजूने लहान भावाच्या हातात स्टीलची परात देतो. परातीचा उजेड गालावर पडतो. भावाचे हात भरून येतात, परात हलते आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर तिरीप नाचायला लागते. मागे विजेचा खांब असला तर हा फोटोच काढत नाही. माझ्या सत्काराच्या फोटोत माझ्या डोक्यातून एक खांब आणि तीन तारा निघाल्या आहेत. तो फोटो मी हौसेने बैठकीत लावला होता. याने तो दाखवून दिल्यापासून मला स्वतःपेक्षा खांबच जास्त दिसतो.

एक गोष्ट मात्र खरोखर पटली. शेजारच्या काकाजींनी अंगणातल्या कापसाच्या ढिगाचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवायचं ठरवलं. फोटोत पांढराशुभ्र कापूस राखेसारखा मळकट आला. काकाजी हादरले. "असा फोटो गेला तर भाव पाडते ना तो!" संपादकाने सांगितलं की कॅमेरा बिचारा सगळ्या जगाला करड्या रंगाचं समजतो. समोर नुसता पांढरा ढीग आला की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो स्वतःहून काळोख करतो. मग फोनच्या पडद्यावर बोट ठेवून त्याने उजेड थोडा वर सरकवला आणि कापूस होता तसा आला. काकाजी इतके खूश झाले की त्यांनी आणखी दोन बोटं वर सरकवायला सांगितलं. "तेवढा पांढरा नाही ना तो, काकाजी." "तू सरकव बे!"

मोठ्यांची उदाहरणं द्यायची त्याला भारी हौस. दिवाळी अंक पाहिला की सुरुवात होते: का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तिथपासून. मग शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकला शिकलेले म्हणून त्यांचं मासिक कसं सजायचं. मग दलालांची 'दीपावली'ची मुखपृष्ठं. 'आवाज'मधल्या खिडकीच्या चित्रांबद्दल तर तो असं गंभीरपणे बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं हा कागदाच्या कटिंगबद्दलच बोलतोय. (तो बोलतो कटिंगबद्दलच. खिडकी आम्ही बघायचो ती वेगळ्या कारणासाठी.)

पण त्याचा खरा देव म्हणजे हायमेनडॉर्फ. 1940 च्या दशकात हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ आमच्याच जिल्ह्यात मारलवाईला बायकोसह येऊन राहिला, गोंडांवर ग्रंथ लिहिला, ढीगभर फोटो काढले. त्याच्या प्रयत्नांतून गोंडी मुलांसाठी जी वाचनपुस्तकं निघाली ती देवनागरीत छापली होती, हे कळल्यावर तर पोराला दोन रात्री झोप नाही. त्या फोटोंचं खूळ डोक्यात घेऊन तो दिवाळीत गुसाडी नाचाला गेला. पहिल्या वर्षीच्या फोटोंत चेहरे झकास आले, पण डोक्यावरचे मोरपिसांचे मोठाले टोप सगळे वरून कापले गेले. एका नाचणाऱ्या दादाने फोन हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "टोपी कुठे आहे माझी?" तेव्हापासून तो प्रत्येकाच्या डोक्यावर भरपूर जागा सोडतो. टोपी नसली तरी.

बॅनरचं काम त्याच्याकडे आपोआप आलं, आणि खरी लढाई तिथे सुरू झाली. आमच्याकडे एका फलकावर दोन लिप्या तरी लागतात. मराठीला वर आडवी रेघ, तेलुगू वाटोळी, आणि तिची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात. दोन्ही सारख्या उंचीच्या दिसायला हव्यात, नाहीतर एक बाजू रुसते. त्यासाठी त्याने शोधून काढलेला फॉन्ट मुंबईच्या एका मंडळाने केलेला आहे: देवनागरीत त्याचं नाव बालू, आणि तेलुगूत 'बालू तम्मुडू', म्हणजे बालूचा धाकटा भाऊ. दोन्ही भाऊ एकमेकांशेजारी शहाण्यासारखे उभे राहतात. शिवाय 2016 पर्यंत 'जि. आदिलाबाद' एवढ्यात पत्ता आटपायचा. आता 'जि. कुमुरम भीम आसिफाबाद'. नाव अभिमानाचं, ते आखडूनही लिहायचं नाही, आणि मोर हलवायला कोणी तयार नाही.

गेल्या गणपतीत मंडळाचा बॅनर त्याने केला तो असा: डाव्या हाताला एकच मूर्ती, उजवीकडे तारीख, खाली मंडळाचं नाव, बाकी सगळा शेंदरी रंग. मला विचाराल तर वांकिडीच्या रस्त्यावर इतकी देखणी वस्तू मी पाहिली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "येवढी रिकामी जागा कायले सोडली? पैसे तर पूर्ण फुटाचे घेतले ना?"

त्यानंतर त्या शेंदरी जागेत आधी अध्यक्ष आले, मग उपाध्यक्ष, मग सल्लागार, मग प्रत्येकाचा पुतण्या. काहींनी व्हॉट्सॲपवर चेपून आलेले फोटो दिले, त्यांचे चेहरे मोठे करताच चौकटीचौकटींचे झाले. एकाने आधार कार्डावरचाच फोटो दिला. संपादक समजावत होता की छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्लेक्सला कमी चालतात, हे त्याने कोणाला सांगितलं नाही. एकूण छत्तीस चेहरे भरले. गणपतीबाप्पा कोपऱ्यात सरकून निमंत्रितासारखे बसले.

मी त्याला म्हटलं, अरे, नाही म्हणायचं. तो म्हणाला, "गुरुजी, अंकात कविता कापता येते, कवी दुसऱ्या गावचा असते. इथे पुतण्या कापला तर उद्या पाण्याचा टँकर येत नाही." यावर मी काय बोलणार? बहिणीच्या लग्नात त्याने थोरल्या जावयाचा अर्धा खांदा चौकटीबाहेर ठेवला होता, चित्राचा तोल साधायला म्हणून. जावई तीन सणांना आले नाहीत. चौथ्या सणाला आले ते स्वतःचा फोटोग्राफर घेऊन.

मागच्या महिन्यात तो माझ्याकडे धावत आला. चेहरा असा की जणू अंकाला विद्यापीठाचं बक्षीस लागलं. पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आजीने त्याला फोटो काढायला बोलावलं होतं. कशासाठी, तर "माघारी भिंतीवर लावायले." अशी कामं त्याला अधूनमधून येतात आणि आमच्याकडे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मुलं ऐनवेळी रेशन कार्डावरचा फोटो मोठा करतील, त्यापेक्षा आपणच नीट काढून ठेवावा, असा तिचा विचार. आजी नवं लुगडं नेसून, कुंकू लावून, दाराच्या उजेडात बसली. परात भावाच्या हातात. आणि संपादकाने फोन वर केला तशी आजी म्हणाली, "माह्या डोक्याच्या वर आन् दोन्ही बाजूंनी जागा सोडजो बरं, मोकळी. हार मावला पाहिजे."

"गुरुजी, स्वतः मागितली तिने!" तो ओट्यावर बसायलाही तयार नव्हता. "वर पाव भाग, बाजूला बोटभर, सगळी मोकळी! मागे नुसती चुन्याची भिंत!"

फोटो मी पाहिला. आजी त्यात तहसीलदारासारखी बसली आहे. चौकट करायला दिली का, असं मी विचारलं तर तो जरा घुटमळला.

"द्यायचीच होती. पण तिच्या मोठ्या पोराने बघितला ना. तो म्हणते, भिंत रिकामी दिसते, दोन्ही बाजूंनी आम्हा भावांचे फोटो टाक."

"मग?"

"मग आजीनेच त्याले हाकलला. म्हणे, तुम्ही आपापल्या पाळीनं या."