अललडुर्र! पोरांना भूत लागलंय हो!

चांगल्या घरातली पोरं आहेत हो. आई बँकेत, वडील उरणच्या बंदरात, आजीचं हरिपाठ मंडळ, आणि चिरंजीव भर उन्हात अंगावर काळा टी-शर्ट चढवून नवी मुंबईच्या पाम बीच रोडने हिंडतात. टी-शर्टावर कवटी. कवटीच्या डोळ्यातून साप. खाली काहीतरी लिहिलेलं, पण वाचता येईल तर शपथ. विचारलं तर म्हणतो, 'काकू, ते बँडचं नाव आहे.' नाव आहे ना? मग लोकांना कळू नये एवढं काय लपवायचंय त्यात? आमच्या सोसायटीत दारावरच्या पाटीचा रंग बदलायचा तरी कमिटीची परवानगी लागते, आणि इथे छातीवर सैतान मिरवताहेत!

नुसती गाणी असती तर कोणी बोललं नसतं. गाणी येतात, वर्षभर वाजतात, लग्नाच्या वरातीत मरतात. हे प्रकरण निराळं आहे. याला कन्सेप्ट अल्बम म्हणतात. अख्ख्या अल्बमची मिळून एकच गोष्ट. पहिल्या गाण्यात माणसं वाड्यात शिरतात, शेवटच्या गाण्यापर्यंत त्यातलं कोण उरतं ते देवाला माहीत. मधलं गाणं गाळायचं नाही, क्रम बदलायचा नाही. चुकून शफलचं बटण दाबलंत, तर मुलगा असा बघतो, जणू सत्यनारायणाचा चौथा अध्याय आधी वाचून आपण थेट आरतीला उभ्या राहिलो.

आता यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट सांगते. हळू आवाजात सांगते, जिन्यात आवाज घुमतो. डेन्मार्कचा एक गृहस्थ आहे, किंग डायमंड. खरं नाव किम बेंडिक्स पीटरसन, गाव कोपनहेगन, जन्म १९५६चा. म्हणजे आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा फॉर्म भरायला कधीच पात्र झालाय. त्याचा १९८७चा अल्बम, 'अ‍ॅबिगेल'. विषय काय म्हणाल? प्रॉपर्टी! साल १८४५. जोनाथन नावाच्या तरुणाला वारसाहक्काने जुना वाडा मिळतो. बायकोला, मिरियमला घेऊन तो पावसाळी रात्री तिथे पोचतो. तर सात घोडेस्वार आडवे येतात आणि बजावतात, मागे फिरा, या घरात पाऊल टाकू नका. आता आपण असतो तर काय केलं असतं? वकिलाला फोन केला असता, सर्च रिपोर्ट काढला असता, जुन्या मालकाची थकबाकी विचारली असती. या दोघांनी काही केलं नाही. सरळ आत.

मग व्हायचं तेच झालं. रात्री घराण्यातला जुना सरदार भूत होऊन हजर. तो जोनाथनला तळघरात नेतो आणि शवपेटी दाखवतो. आत अ‍ॅबिगेल, १७७७ साली मेलेलीच जन्मलेली मुलगी. सरदाराच्या बायकोचं म्हणे बाहेर कुठे जमलं होतं, म्हणून त्याने तिला जिन्यावरून ढकललं आणि आई-मूल दोन्ही गेली. बघा, बड्या घरांची लफडी! तीच अ‍ॅबिगेल आता मिरियमच्या पोटी परत येऊ पाहते. मिरियमला रातोरात दिवस जातात. पुढे त्याच जिन्यावर कोण कोणाला ढकलतं, ते मी सांगणार नाही. चाळीस मिनिटांचा मामला आहे, ज्याने त्याने ऐकावा. मी ऐकला. चौकशी करायची तर पूर्ण करावी लागते, काय?

दुसऱ्या वर्षी याच इसमाने 'देम' नावाचा अल्बम काढला. त्यात वेड्यांच्या इस्पितळातून सुटून आजी घरी येते. येते ती वरच्या खोलीत राहते, आणि रात्री तिच्याकडे चहाचं बोलावणं असतं. पाहुणे दिसत नाहीत, कप मात्र हवेत तरंगतात. ही गोष्ट मी सासूबाईंना भीत भीत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'एवढ्या रात्री उठून चहा कोण करून देतं तिला? सून चांगली दिसते.'

आणि हे सगळे आवाज काढतो कोण? एकटा तोच. भूत तोच, नवरा तोच, मिरियम तीच म्हणजे पुन्हा तोच. भसाड्या आवाजातून एकदम असा वर चढतो की शेजारच्यांचा कुत्रा उठून बसतो. 'पुरुषाने बाईच्या आवाजात गावं, बाई बाई बाई!' असं आमच्या भिशीतल्या एकीने म्हटलंसुद्धा. तिला आठवण करून द्यावी लागली की, आपल्या आज्या-पणज्या शालू कसा नेसायचा हे बालगंधर्वांकडे बघून ठरवत होत्या.

वर आणखी सोंग. चेहरा पांढराफटक, त्यावर काळ्या रेघोट्या, डोक्यावर टोपी. हातातल्या माईकचा दांडा हाडांचा, तीही माणसाची. हा झाला जुना जमाना. नव्या जमान्याचं नाव आहे 'घोस्ट', मुक्काम स्वीडन. यांचा गायक पोपसारखा झगा घालतो, चेहऱ्यावर कवटी रंगवतो आणि दर काही वर्षांनी जाहीर होतं की जुने धर्मगुरू गेले, नवे गादीवर बसले. आतला माणूस मात्र तोच, टोबियास फोर्ज. बाकीचे वादक मुखवट्यातले, त्यांना नावच नाही. कित्येक वर्षं गुपित टिकलं. फुटलं कधी? २०१७ साली जुन्या साथीदारांनी हिशेबावरून त्याला कोर्टात खेचलं तेव्हा. बघा म्हणजे, जिथे देव-सैतान हरले, तिथे वाटणीच्या भांडणाने मुखवटा उतरवला. आपल्याकडच्या भाऊबंदकीला हे नवीन नाही.

याच घोस्टचा 'स्केलेटा' २०२५मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या नंबरला जाऊन बसला. आणि त्यांच्या त्या वर्षीच्या कार्यक्रमांत मोबाईलला बंदी! दारातच फोन पिशवीत घालून कुलूपबंद. जेवणाच्या टेबलावर जे आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते या सैतानाने करून दाखवलं. संताप येतो तो याचा.

'परदेशातली थेरं, आपल्याला काय' असं म्हणून पदर झटकाल, तर थांबा. हे लोण खाडीपलीकडे मुंबईत कधीच पोचलंय. 'अल्बट्रॉस' नावाचा बँड आहे, २००८चा. यांचा धंदाच मुळी भीतीच्या गोष्टी सांगायचा, गादी अर्थात किंग डायमंडची. २०१०मध्ये यांनी काढलं 'डिनर इज यू'. म्हणजे आज जेवायला काय आहे, हा प्रश्न विचारायचीही चोरी. बेस वाजवणारा स्वतःला डॉक्टर हेक्स म्हणवतो. २०१२ साली अमेरिकेतल्या व्हेस्टल क्लॅरेट नावाच्या बँडबरोबर एकाच तबकडीत अर्धं तुझं, अर्धं माझं करून 'द किसिंग फ्लाइज' आणलं. घरात एक माशी आली की आपण हिट फवारतो आणि हे माश्यांच्या चुंबनांवर रेकॉर्ड काढतात.

पण खरी खमंग बातमी पुढे आहे. मुंबईचाच 'डेमॉनिक रेझरेक्शन', सन २०००पासूनचा. त्याचा म्होरक्या साहिल मखीजा, टोपणनाव डेमनस्टीलर. गायला लागला की घशात खडीचा ट्रक रिकामा होतोय असा भास होतो. २०१४मध्ये 'द डेमन किंग' काढला, तिथवर ठीक, नावाप्रमाणे वागला. २०१७ साली या महाशयांनी काय करावं? 'दशावतार'! मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी, क्रमवार. मध्येच सतार, बासरी. आता तक्रार कुठे करायची? भजन म्हणावं तर खिडक्यांची तावदानं हादरतात, राक्षसी म्हणावं तर आतमध्ये नरसिंह आणि परशुराम.

एवढ्यावर थांबत नाही. हाच मनुष्य यूट्यूबवर 'हेडबँगर्स किचन' चालवतो आणि किटो आहाराचे पदार्थ शिकवतो. आमच्यातल्या दोघी त्याचं बघून स्वयंपाक करत होत्या, गाण्याचा पत्ताच नव्हता त्यांना. भात नाही, पोळी नाही, साखर नाही, पुरणपोळीचं तर नावही नाही. मला विचाराल तर त्याचं सगळ्यात भयानक काम ते. 'डेमन किंग' ऐकून एकवेळ झोप लागेल, भाताशिवाय लागायची नाही.

हा 'दशावतार' एका घरात मोठ्याने लागला आणि वरच्या मजल्यावरचे कुडाळकडचे आजोबा खाली आले. आम्हाला वाटलं, आता काठी पडणार. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं आणि विचारलं, 'सगळा बरा, पण संकासुर खंय आसा?' सगळे गप्प. मग त्यांनीच सांगितलं. तळकोकणात देवळाच्या जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक चालतं, साथीला पेटी, पखवाज, झांज. सुरुवातीलाच वेद पळवणारा संकासुर येतो, अंगभर काळा पोशाख, तोंडावर काळा मुखवटा. लोकांना हसवतो, घाबरवतो, शेवटी विष्णूच्या हातून मरतो. आईच्या मांडीवर झोपलेली पोरं त्याच्या आरोळीने दचकून उठायची आणि पुन्हा झोपायची. काळ्या कपड्यांवरून कोणी संस्कार शिबिर भरवलं नाही की समुपदेशकाची वेळ घेतली नाही.

आणि मग मला वाशीचं नाट्यगृह आठवलं. विष्णुदास भावे नाट्यगृह. मुलांची स्नेहसंमेलनं तिथे, आपली तिसरी घंटा तिथे, मध्यंतरातला बटाटेवडा तिथे. कोण हे विष्णुदास भावे? ५ नोव्हेंबर १८४३ला सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' करणारे. त्याच तारखेला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून राजेसाहेबांनी भाव्यांना सांगितलं, असं काही मराठीत करा. त्यांच्या खेळात काय होतं? सूत्रधार गाण्यातून गोष्ट पुढे न्यायचा. स्त्रियांची कामं पुरुष करायचे. आणि तोंडं रंगवलेले राक्षस 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकत रंगभूमीवर उड्या घ्यायचे. इतक्या जोरात की पुढे शिकल्यासवरल्या मंडळींनी नाकं मुरडून त्या नाटकांनाच अललडुर्र नाटकं म्हणायला सुरुवात केली. तरी १८५३मध्ये भावे मंडळी मुंबईला आली, ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावलं आणि लोक गेले.

आता जुळवा. गोष्ट गाण्यातून, पुरुष बाईच्या सोंगात, चेहऱ्याला रंग, राक्षसाची आरोळी, आणि बाहेर सभ्य माणसांची कुजबुज. किंग डायमंडने वेगळं काय केलं? गिटार घेतली, बस्स. ज्याच्या नावाच्या इमारतीत आपण मुलांना बालनाट्य दाखवायला नेतो, तोच या सगळ्या भानगडीतला मूळ आरोपी निघाला. त्याला वाशीत वातानुकूलित जागाही मिळाली आहे.

आपलं शहर तरी कुठलं धुतल्या तांदळासारखं? ब्लॅक सॅबाथ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०चा, वार शुक्रवार. त्यापासून या साऱ्या संगीताचा, म्हणजे मेटलचा, जन्म धरतात. सुरुवातीला पाऊस, घंटा, मुखपृष्ठावर काळ्या कपड्यातली आकृती. आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना? १७ मार्च १९७०. जेमतेम महिन्याचं अंतर! तिकडे पोरांनी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या धुरातून ते संगीत काढलं, इकडे साहेबांनी मिठागरं आणि भातशेती मोजून सेक्टर काढले. त्यामुळे नवी मुंबईच्या पोरांना हा नाद लागला याचं नवल करू नये. एकाच वर्षीची खोडं आहेत.

दुटप्पीपणाही आपला आपण पाहावा. जानेवारी २०२५मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले तीन रात्री गाऊन गेले. हजारोंच्या मनगटावर पट्ट्या लुकलुकल्या, नातेवाईक मुक्कामाला आले, आम्ही पोहे करून करून थकलो, पण संस्कृतीला धक्का बसला नाही. कारण गाणारा गोरा, हसरा आणि तोंड धुतलेला होता.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. पंधरा सेकंदांच्या रीलला मान खाली घालून बसणारी ही पिढी, लक्ष म्हणून कशात नाही, असं आपण रोज म्हणतो. आणि हीच पोरं दार लावून, शब्दांचा कागद समोर धरून चाळीस-पन्नास मिनिटं एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. पात्रांवरून वाद घालतात. मिरियमचं चुकलं का यावर तासभर भांडतात. भयकथाकार नारायण धारपांची पुस्तकं मागायला आमच्याकडे येतात, आणि आमच्याकडे सापडत नाहीत, कारण घर बदलताना ती रद्दीत गेली. नाटकाला बसणं आपण सोडलं. ती बसली आहेत, फक्त नाट्यगृह कानात घातलंय. असं वागून आपल्याला तोंडघशी पाडायचं काय कारण होतं त्यांना?

तर आता ताजी खबर. यंदाच्या गणेशोत्सवात या पोरांनी कार्यक्रमासाठी अर्ज दिलाय. 'भीतीची गोष्ट, गिटार आणि ड्रमसह, पाऊण तास.' कमिटीची तातडीची बैठक झाली. खूप आरडाओरडा झाला, त्यात अललडुर्रची कमतरता नव्हती. ठराव पास झाला तो असा: चेहरे रंगवायला हरकत नाही, हाडं प्लॅस्टिकची असावीत, कुडाळच्या आजोबांना संकासुराचं काम द्यावं, आणि लाउडस्पीकरचा नियम बघता राक्षसाचा वध रात्री दहाच्या आत उरकावा. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या भिशी मंडळाने आत्ताच धरून ठेवल्या आहेत. लक्ष ठेवायला कोणी तरी हवंच ना!