इंजिनाला आराम पडावा म्हणून

जुन्या गाडीला ओव्हरड्राइव्ह बसवतोय असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी आदर उमटतो आणि खुलासा केला की तो ओसरतो. नावावरून वाटतं, गाडी आता सुसाट सुटणार. प्रत्यक्षात ती पूर्वीइतकीच पळते, फक्त इंजिन कमी पळतं. पुण्याच्या मेव्हण्याला मी हे फोनवर नीट समजावलं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "म्हणजे हजारभर पौंड खर्चून काहीच होणार नाही?" मेव्हणा सीए आहे. मुद्दा त्याला लगेच सापडतो.

गाडी म्हणजे १९७१ची एमजीबी. आम्ही राहतो ऑक्सफर्डजवळ आणि ती जन्मली ॲबिंग्डनच्या कारखान्यात, म्हणजे तिचं माहेर शेजारच्याच गावात. दोन माणसांची, पावसात छतातून हालहवाल विचारणारी ही गाडी घरात पटवून देताना मी नातं काढलं होतं. तिचं १७९८ सीसीचं इंजिन आणि आपल्या अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं, दोन्ही एकाच बी-सिरीज घराण्यातली. नातं निघालं की मराठी माणूस विरघळतो. बायको विरघळली नाही. "अँबॅसॅडरमध्ये आठ जण बसायचे," एवढंच म्हणाली.

या गाडीला गिअर चार. गावाकडच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर तेवढे पुरतात. एमजीबी १९६२ साली बाजारात आली तेव्हा एम-वन हा मोटरवे उघडून जेमतेम तीन वर्षं झाली होती. तासन् तास एकाच वेगाने जायचं असतं ही कल्पना इंग्रज गाड्यांच्या अंगवळणी पडायची होती. मोटरवेवर ताशी ७० मैलांची मर्यादा गाठली की माझं इंजिन मिनिटाला सुमारे ३९०० फेरे घेत असे आणि तारस्वरात ते सगळ्यांना कळवत असे. शेजारी बसलेल्याला उतरून घ्यायचंय की गाणं ऐकायचंय हे खुणांनी विचारावं लागे. कंपनी ओव्हरड्राइव्ह देत होती, पण जादा पैसे घेऊन. तो ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या एमजीबींना आपसूक मिळू लागला १९७५ साली. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने ते जादा पैसे वाचवले होते. माणूस पुण्याचा असता तर मी एका शब्दाने बोललो नसतो.

हे यंत्र कॅप्टन एडगर जोसेफ द नॉर्मनव्हिल यांच्या डोक्यातून निघालं आणि शेफील्डच्या लेकॉक कंपनीने बनवलं. हे कॅप्टन इंजिनिअर तर होतेच, शिवाय मोटारींवर वर्तमानपत्रांत लिहीतही. कमी श्रमात तेवढंच अंतर कसं कापावं, हा विचार लेखनाच्या धंद्यातल्या माणसाला सुचावा यात मला तरी नवल वाटत नाही. गिअरबॉक्सच्या पाठीला हा डबा चिकटतो. आत मधोमध सूर्य नावाचं दातेरी चाक, त्याच्याभोवती ग्रह नावाची तीन छोटी चाकं, आणि या सगळ्यांना वेढणारी दातेरी कडी. एरवी ही सगळी मंडळी एकत्र कुटुंबासारखी एकाच गतीने फिरतात. खटका दाबला की तेलाच्या दाबाने एक शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो आणि सूर्याला जागेवर जखडतो. मग ग्रह त्याला प्रदक्षिणा घालू लागतात आणि त्यांच्या रेट्याने बाहेरची कडी जास्त वेगाने फिरते. गिअरबॉक्सने ८२ फेरे दिले की चाकांकडे १०० पोचतात. हा डबा गाड्यांना लागू लागला तो १९४०च्या दशकाच्या अगदी शेवटी. ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नसे त्यांनी राज्य गेल्यागेल्या सूर्य गिअरबॉक्समागे बांधून ठेवला, याला दूरदृष्टी म्हणतात.

एमजीबीचा गिअरबॉक्स खालून उतरत नाही. त्याला बाहेर काढायचं तर इंजिनासकट, पुढून, तिरपं करून उचलायचं. शिवाय साध्या गिअरबॉक्सच्या मागे ओव्हरड्राइव्ह जोडता येत नाही, कारण आतला मुख्य दांडाच वेगळा असतो. म्हणून ओव्हरड्राइव्हवाला आख्खा गिअरबॉक्स जुन्या बाजारातून आणला. माझे शेजारी काउलीच्या मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते आणि तेही ओ देतात. आणलेला गिअरबॉक्स तसाच चढवायला निघालो तर आजोबांनी चहाचा मग खाली ठेवला. न उघडलेल्या यंत्रावर विश्वास ठेवणं त्यांना असभ्य वाटतं.

उघडणं सोपं होतं. ओव्हरड्राइव्ह परत गिअरबॉक्सला जोडताना मात्र आतल्या खाचांच्या दोन जोड्या एका रेषेत याव्या लागतात, आणि दांड्यावरची कॅम त्याच वेळी तेलाच्या पंपावर नेमकी बसावी लागते. तिघांपैकी दोघं राजी झाली की तिसरं रुसून बसतं. आमच्याकडे लग्नाच्या याद्या करताना हे मी पाहिलेलं आहे. मी जोर लावायच्या मताचा होतो. आजोबांनी लांब स्क्रूड्रायव्हर आत घालून काहीतरी अलगद फिरवलं, कुणाची तरी समजूत घातल्यासारखं पुटपुटले आणि डबा जागेवर सरकला. तेल कुठलं घालायचं यावर त्यांनी माझी तोंडी परीक्षाही घेतली. उत्तर असं की इथे गिअर ऑइल चालत नाही. इंजिनात घालतात तेच २०डब्ल्यू-५० गिअरबॉक्सला आणि तेच ओव्हरड्राइव्हला, कारण दोघांची खानावळ एकच.

एक दहशत मात्र कायम राहते. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला तर आतली यंत्रणा मोडते. ती एका दिशेने फिरण्यासाठीच जन्मलेली असते. म्हणून गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच असतो. तिसरा किंवा चौथा गिअर असेल तरच तो वीज पुढे जाऊ देतो. तो स्विच आपलं काम करतोय यावर माझी श्रद्धा आहे. तरीही रिव्हर्स टाकण्यापूर्वी मी डॅशबोर्डवरच्या खटक्याला हात लावून बघतो.

पेट्रोल वाचतं का? वाचतं. कोरड्या रविवारीच निघणारी ही गाडी ज्या गतीने पेट्रोल वाचवते, त्या हिशोबाने खर्च वसूल होईल तेव्हा मुलगी पेन्शन घेत असेल. हे मी मेव्हण्याला कळवलेलं नाही.

उन्हाळ्यात सासूसासरे आले. विमानतळावर सासूबाई, बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या बायकोच्या शहाण्या गाडीत गेल्या. सासरे माझ्याबरोबर. त्यांचा उभा जन्म दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेलेला, त्यामुळे जाणकार प्रेक्षक मिळाला म्हणून मी खुशीत होतो. एम-फोर्टीवर ७० गाठले. काही न बोलता खटका दाबला. काटा ३९०० वरून ३२०० वर उतरला आणि इंजिनाचा घसा मोकळा झाला.

सासऱ्यांनी कान टवकारले. "पाचवा टाकलास?"

"तसंच म्हणायचं, बाबा."

मग मी सूर्य सांगितला, ग्रह सांगितले, शेफील्ड, कॅप्टनसाहेब, शंकूचा क्लच, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आमच्या झेनला कंपनीतूनच होता," ते म्हणाले.

मी रस्त्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांचा हात डॅशबोर्डकडे गेला. खटका वर, काटा वर. खटका खाली, काटा खाली. "हं," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुन्हा एकदा तेच करून पाहिलं. ऑक्सफर्ड येईपर्यंत गाडी मी चालवली, ओव्हरड्राइव्ह त्यांनी.