इन्स्टॉल होऊ लालंय

अर्धापुरात कुणाची पीएचडी झाली आहे, हे कळायला दारावरची पाटी वाचावी लागते. कुणाची चालू आहे, हे मात्र बसस्टँडवर उभं राहूनही कळतं. चालू असलेले सर खिशात दोन पेन ड्राइव्ह बाळगतात, गाईडचा फोन उभं राहून घेतात आणि "कुठवर आलं, सर?" या प्रश्नाला कधी बगल देत नाहीत. पूर्वी उत्तर असायचं, "सिनॉप्सिस गेलाय." मग काही वर्षं, "डाटा कलेक्शन चालू आहे." हल्लीचं उत्तर आहे, "सॉफ्टवेअर इन्स्टॉल होऊ लालंय."

आपले सर या तिसऱ्या आश्रमात आहेत. विषय अर्थशास्त्र, विद्यापीठ नांदेडच्या विष्णुपुरीतलं. ते १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे नेमकं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालं. सरांची मुक्ती तेवढी राहिली आहे. प्रबंधाचं नाव 'अर्धापूर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास'. प्रश्नावल्या भरून झाल्यात, गठ्ठा युरियाच्या रिकाम्या पोत्यात घालून दिवाणाखाली ठेवलाय. राहिलंय ते फक्त ॲनालिसिस. सरासरी आणि टक्केवारीच काढायची तर एक्सेलमध्ये एका दुपारचं काम आहे, असं एका विद्यार्थ्यानं सुचवून पाहिलं. त्याचे अंतर्गत गुण त्या वर्षी फार विचारपूर्वक दिले गेले.

पहिला मान एसपीएसएसचा. १९६८ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला जन्मलेलं हे सॉफ्टवेअर २००९ मध्ये आयबीएमनं १२० कोटी डॉलर मोजून विकत घेतलं. सरांनी ते एका सहकाऱ्याकडून दोन चहा आणि एका भज्याच्या प्लेटवर मिळवलं. पण पेन ड्राइव्ह लावताच अँटिव्हायरसनं क्रॅकची फाईल गिळली. सरांनी लगेच नैतिक भूमिका घेतली. "चोरीच्या सॉफ्टवेअरवर संशोधन? आपल्याला नाही जमायचं."

तेव्हा आर आलं. फुकटही आणि कायदेशीरही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन प्राध्यापकांनी केलेलं. त्याची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला निघाली, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदा. घाई नसलेल्या या सॉफ्टवेअरवर सरांचा पाहताक्षणी जीव जडला. फक्त ते उघडल्याबरोबर कॅपिटल अक्षरांत सांगतं की, याची कसलीही वॉरंटी नाही. सरांनी तेवढं वाचून खिडकी बंद केली आणि गाईडना कळवलं, "सर, ते स्वतःच जबाबदारी घेईना गेलंय."

गाईड म्हणाले, चालतं. मग मोंढ्याजवळच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला घरी बोलावलं. त्यानं मशीन उघडून पाहिलं. पुतण्यानं पुण्याला जाताना सोडलेलं, विंडोज सात, ३२ बिट.

"सर, आरनं २०२२ ला ४.२ काढलं अन् ३२ बिट सोडून दिलं. याच्यावर जुनं ४.१ च बसतंय."

"बसव की मग."

बसलं. पण आरला जोडायची पॅकेजेस काही उतरेनात. पोरगं तासभर डोकं खाजवत होतं आणि सर त्याच्यामागं येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्याला सापडलं. विंडोजमधलं खात्याचं नाव सरांनी देवनागरीत घातलं होतं आणि त्या नावामागं 'डॉ.' लावलं होतं. खात्याच्या नावानं फोल्डर होतं आणि त्या फोल्डरातच आर आपली पॅकेजेस ठेवायला बघतं. विंडोजवरच्या जुन्या आरला असली नावं धड वाचता येत नाहीत.

"सर, हे नाव काढावं लागतंय."

"सगळं?"

"इंग्रजीत नवं खातं करू. डॉक्टर नाही लावलं तरी चालतंय."

सर पलंगावर बसले. आतून सौ. म्हणाल्या, "अहो, काढा की. नंतर लावता येईल." सरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की नंतर या शब्दावरचा त्यांचाही विश्वास उडाला. 'डॉ.' काढायचं नाही, असं ठरलं. ४.२ पासून पुढं आरला देवनागरी कळतं. पण ते ३२ बिटवर चालत नाही. म्हणजे डॉक्टर राहायचं तर कॉम्प्युटर नवा. घरात याला कर्ज म्हणतात, सर याला संशोधनखर्च म्हणतात.

नांदेडहून सेकंडहँड विंडोज दहावालं मशीन आलं. आर बसलं. आरला आरस्टुडिओ. टाइप करायला नको म्हणून कॅनडातल्या जॉन फॉक्स या प्राध्यापकांचं आर कमांडर. कमांडर उघडताच म्हणालं, माझी माणसं आलेली नाहीत, बोलावू का? आणि पॅकेजची लांबलचक यादी पुढं केली. वऱ्हाडातल्या एका पाहुण्याला आवतण द्यावं आणि त्यानं आपली सगळी भावकी घेऊन यावं, तसं ते घर भरलं. त्यातल्या कुणाला आरटूल्सही लागलं. तेही आवृत्तीप्रमाणं वेगवेगळं, ४.२ ला बेचाळीस, ४.३ ला त्रेचाळीस. मधेच लाईट गेली. मग यूपीएस आला. सरांनी प्रत्येक टप्प्याची नोंद डायरीत केली. प्रबंधाचा एकमेव लिहून झालेला भाग तोच.

आणि एके संध्याकाळी सगळं बसलं. लाल अक्षर नाही, प्रश्न नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. सर बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिले. आता पोतं ओढून फॉर्म कॉम्प्युटरात भरायला बसण्यावाचून मार्ग उरला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर आला तो घाम अर्धापूरच्या उन्हाळ्यालाही कधी काढता आला नव्हता.

पण तो महिना एप्रिल होता. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास आरची नवी मोठी आवृत्ती येते. पोरानं ती बघितली, सरांनी ती टाक म्हणून आग्रह धरला. विंडोजवर प्रत्येक आवृत्तीच्या पॅकेजांचं फोल्डर वेगळं. नवी आली की ती कोऱ्या घरात उतरते आणि कमांडर पुन्हा विचारतं, माझी माणसं कुठायत? सरांचा रंग परत आला.

तोवर दिवाणाखाली उंदरांनी पोत्यातून यादृच्छिक नमुना निवडायला सुरुवात केली होती.

परवा बाजारात मालेगाव रोडकडचे एक काका भेटले. प्रश्नावली क्रमांक सात त्यांची. "गुरुजी, त्या फॉर्मचं काय झालं? भरला तवा वाटलं, अनुदान येऊ लालंय."

सरांनी त्यांना आर, कमांडर, आरटूल्स, सगळं नीट समजावलं. काकांनी शांतपणे ऐकलं.

"ते खरंय. पण तवा माझी केळी होती. मग खोडवा घेतला, तो मोडला. दोन वर्षं हळद केली, भाव पडला. आता परत केळी लावलीय, तीबी पोराच्या नावावर. तुमच्या फॉर्मात लिवलेला मी आता ऱ्हायलोच नाही."

दुसरा कुणी असता तर खचला असता. सर तडक घरी आले, गाईडना फोन लावला आणि उभं राहून म्हणाले, "सर, डाटा जुना झालाय. प्रश्नावली नव्यानं भरून घ्यावी लागंल. तोपर्यंत पुढचं व्हर्जन येतंच."