डिचोलीच्या माळ्याविषयी स्विंडनचे निवेदन

स्विंडन, इंग्लंड
मे २०२५

तीर्थस्वरूप बाबा, आई, काका व काकी यांच्या चरणी स्विंडनच्या बिऱ्हाडाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मूळ घराची कौले पावसाआधी परतायची असून त्यासाठी माळा संपूर्ण रिकामा करून द्यावा, अशी अट सुताराने घातल्याचे वृत्त धाकट्या चिरंजीवांकडून येथे पोहोचले आणि त्याच निरोपात ‘यातले काय टाकायचे ते कळवा’ अशी पृच्छाही होती. प्रस्तुत पत्र हे त्या पृच्छेचे सविस्तर उत्तर होय. पत्राची भाषा तृतीयपुरुषी ठेवण्यास सबळ कारण आहे. परदेशाहून आलेले पत्र ओसरीवर बसून मोठ्याने वाचण्याची घरात प्रथा असल्याने, त्यात ‘मला वाटते’ असे आढळताच ते वाटणे चिरंजीवांचे की सूनबाईंचे यावर होणारी चर्चा मूळ विषयापेक्षा अधिक काळ चालते. यास्तव येथील सर्व मते ‘स्विंडनचे बिऱ्हाड’ या सामूहिक कर्त्याची समजावीत.

या बिऱ्हाडाने अलीकडे मिनिमलिझमचा, म्हणजे लागते तेवढेच बाळगावे आणि बाकीच्याचा लोभ सोडावा या राहणीचा, अंगीकार केला आहे. स्विंडन हे ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कारखान्यामुळे वाढलेले शहर असून तो कारखाना १८४३ मध्ये सुरू होऊन १९८६ मध्ये बंद झाला. कामगारांसाठी एकमेकांना खेटून बांधलेल्या जुन्या घरांत आज जे राहतात, त्यांना जिन्याखालचे कपाट हेच कोठार आणि तेच अडगळीचे दालन मानून संसार करावा लागतो. मारी कोंडो या जपानी लेखिकेचे घर आवरण्यावरील पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आले आणि जगभर खपले. प्रत्येक वस्तू हातात धरावी, तिच्यामुळे मनाला आनंद होतो का ते पाहावे आणि होत नसल्यास तिचे आभार मानून तिला निरोप द्यावा, ही त्यांची पद्धत. तिसरे अपत्य झाल्यानंतर घर नीटनेटके ठेवण्याचा आग्रह आपण बराचसा सोडून दिल्याचे खुद्द कोंडोबाईंनी २०२३ मध्ये सांगितले, ही गोष्ट सूनबाईंच्या कानावर अद्याप गेलेली नाही व ओसरीवरील वाचनात हे वाक्य वगळले तरी चालेल. पद्धतीचा परिणाम मात्र निर्विवाद आहे: भिंती मोकळ्या झाल्या, ताटे माणशी एक उरली आणि घरी आलेल्या मडगावच्या पाहुण्यांनी ‘सामान अजून बोटीवर आहे काय’ अशी आस्थेने चौकशी केली.

हीच पद्धत डिचोलीच्या माळ्यास लावता येईल काय, याचा विचार करताना तो माळा भरला कशाने हे प्रथम पाहणे शास्त्रशुद्ध ठरते. ज्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी चार महिन्यांत, पडतो, तेथे घर हे आधी गोदाम असते व मग निवासस्थान. गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणून जी पावसाळ्याची बेगमी ओळखली जाते, तिच्यात सुक्या मिरच्या, कांद्यांच्या माळा, सोला, आंबोशी, मीठ, सुके मासे आणि बरणीत मिठाच्या पाण्यात चेपून ठेवलेले आंबे एवढे सगळे येते. आणि ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या जून ते सप्टेंबर साठवणीवर काढले, त्या घरातील गृहिणीस ‘लागेल तेव्हा दुकानातून आणू’ हे वाक्य आळसाचे नव्हे तर बेजबाबदारपणाचे वाटते. त्यात चवथीची भर. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानफळे, आंबाड्याचे घोस आणि सुपाऱ्यांचे शिपटे टांगण्यासाठी बांधल्या जाणाऱ्या मांडणीची, लाकडी चौकट वर्षातले थोडेच दिवस खाली असते आणि उरलेले सारे वर्ष माळ्यावर. ‘हिच्यामुळे आनंद होतो का’ हा प्रश्न तिच्याबाबत जानेवारीत विचारणे अन्यायाचे आहे.

माळ्यावरील थरांचा अभ्यास धाकट्या चिरंजीवांनी पाठवलेल्या छायाचित्रांवरून करण्यात आला. पुरातत्त्वज्ञ मातीच्या थरांवरून काळ ठरवतात, त्याप्रमाणे डिचोलीत वस्तूचा काळ तिच्यावरील खनिजाच्या धुळीवरून ठरवता येतो. ज्या वस्तूंवर तांबड्या धुळीचा जाड थर आहे, त्या खाण व्यवसायाच्या भरभराटीच्या काळात, म्हणजे २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवण्याआधी, वर गेल्या. ज्यांच्यावर पातळ थर आहे, त्या मार्च २०१८ मध्ये उत्खनन दुसऱ्यांदा बंद झाल्यानंतरच्या. आणि २०२४ मध्ये डिचोलीची खाण पुन्हा सुरू झाल्यामुळे पुढील संशोधकांची सोय झाली आहे. सर्वांत खालच्या थरात आजोबांची पत्र्याची पेटी असून तिच्यात जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या दिवसांतील ‘गोमन्तक’चे अंक आहेत. कौल गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला, परंतु फेरमोजणी होईल या अपेक्षेने आजोबांनी ते पुरावा म्हणून जपले, असे घरात सांगितले जाते. हे अंक रद्दीत देण्यास स्विंडनची हरकत नाही. मात्र काकांची आहे, आणि फेरमोजणीचा प्रश्न उपस्थित झाल्यास काका एकटे पडू नयेत असे या बिऱ्हाडास वाटते.

तांब्यापितळेचा प्रश्न अधिक बिकट आहे. डिचोली हे पितळी समया आणि तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचे गाव, त्यामुळे जुने भांडे मोडीत घालून नवे घेण्याची सोय दाराशी असूनही मोडीत गेलेले भांडे घरात कोणास आठवत नाही. न्हाणीतील भाण, म्हणजे अंघोळीचे पाणी तापवण्याचे तांब्याचे मोठे पात्र, गीझर आल्यापासून वर आहे. ते भंगारात देण्याची सूचना करण्यापूर्वी कायदा पाहण्यात आला. गोव्यात कौटुंबिक मालमत्तेचे नियमन १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने केले आणि तिच्यातील वारसाविषयक तरतुदींची जागा घेणारा राज्याचा २०१२ चा कायदा २०१६ च्या अखेरीस अमलात आला. परंतु मूळ तत्त्व तेच राहिले की, पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक असते, मुलगे व मुली सारखेच वारस असतात आणि मृत्युपत्राने अर्ध्यापलीकडे कोणास काही देता येत नाही. वाटणीसाठी ‘इन्व्हेंटरी’ नावाची प्रक्रिया असते, तीत ‘काबेसा द काझाल’ म्हणून ओळखला जाणारा कारभारी मालमत्तेची यादी सादर करतो आणि एकमत न झाल्यास सहवारस आपापसांत बोली लावतात. आजोबांच्या पश्चात आपल्या घरात अशी प्रक्रिया झालेली नाही. सबब सदर भाण बाबा, काका, पेडण्याची आत्या, मुंबईची आत्या आणि या सर्वांचे जोडीदार यांच्या अविभक्त मालकीचे असून, पेडण्याच्या आत्यांच्या यजमानांचा त्याच्या कडीवरही हिस्सा निघतो. कोंडोबाईंच्या पुस्तकात सहवारसांच्या संमतीवर प्रकरण नाही.

स्टीलच्या भांड्यांस कायद्याची नव्हे तर नावाची अडचण आहे. लग्नात आलेल्या प्रत्येक डब्यावर आणि तांब्यावर देणाऱ्याचे नाव, तारीख आणि ‘सप्रेम भेट’ ही अक्षरे ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली असतात, त्यामुळे ते भांडे दुसऱ्यास देता येत नाही, कारण दुसरा ते वाचतो; आणि भंगारअड्ड्यावर देता येत नाही, कारण बुधवारच्या बाजारात देणाऱ्याची गाठ पडते. आईने व्हिडिओ कॉलवर दाखवलेला एक डबा येथे नमूद करण्यासारखा आहे. त्यात सुतळीचे तुकडे होते, प्रत्येकाची स्वतंत्र गुंडाळी, आणि प्रत्येक तुकडा कोणतीही गोष्ट बांधण्यास थोडा अपुरा. डब्यास झाकण नव्हते, कारण झाकणे दुसऱ्या डब्यात होती, आणि त्या डब्याचे झाकण त्याला नीट बसत नव्हते. यातून आनंद होतो काय, असे शास्त्रानुसार विचारले असता आईने नारळ किसता किसता आडाळीवरून मान वर केली आणि सुतळीने आनंद व्हायला ती काय नात आहे, असे उत्तर दिले. आईची कसोटी एकाच शब्दाची आहे: ‘लागेल’. ती सदोष आहे हे सिद्ध करण्याचा प्रयत्न या बिऱ्हाडाने केला, परंतु कागदपत्रांच्या प्रकरणात येऊन तो फसला.

कोंडोबाईंच्या मते जवळजवळ सर्व कागद टाकून द्यावेत. आजोबांच्या पेटीत मात्र, अंकांच्या खाली, जमिनीच्या पोर्तुगीज दस्तऐवजांसोबत आणि बियाणे दुकानाच्या पावत्यांसोबत, त्यांच्या जन्मनोंदीचा एक पिवळा उतारा होता. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढील पिढ्यांना, ठरावीक मर्यादेपर्यंत, लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. त्या नागरिकत्वाच्या आधारे ब्रिटनमध्ये मुक्तपणे येऊन राहण्याची वाट ३१ डिसेंबर २०२० पर्यंत खुली होती. आणि त्या वाटेने जे हजारो गोमंतकीय स्विंडनला आले, त्यांत हे बिऱ्हाडही एक. १९९० च्या दशकात बाबांनी माळा साफ करायला काढला असता आईने ‘असू दे, लागेल’ म्हणून ही पेटी परत वर ढकलली नसती, तर आज स्विंडनमध्ये मोकळ्या भिंतींकडे पाहत मनःशांती अनुभवणे शक्य झाले नसते. कशासाठी लागेल, हे तेव्हा आईलाही ठाऊक नव्हते. पण ते ठाऊक नसणे हाच तिच्या पद्धतीचा गाभा दिसतो.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळणे प्राप्त आहे. धाकट्या चिरंजीवांनी केलेल्या यादीनुसार माळ्यावरील सामानाचा लक्षणीय भाग आजोबांचा नाही, बाबांचा नाही, काकांचाही नाही. चिरंजीवांची झांट्ये महाविद्यालयातील वह्यांची खोकी, सूनबाईंच्या माहेरून आलेला डिनर सेट, नातीचा पाळणा, दोन रिकाम्या पण चांगल्या सुटकेस, टाटा स्कायची छत्री आणि दर चवथीला येताना इथल्या घरातून कमी करून तिथे ठेवलेल्या पिशव्या, हे सारे स्विंडनचे आहे. म्हणजे या बिऱ्हाडाची अपरिग्रही राहणी ही सामान कमी केल्यामुळे नव्हे, तर ते साडेसात हजार किलोमीटरांवर ठेवल्यामुळे साधली, असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो खोडून काढण्यास पुरेशी साधने तूर्त हाताशी नाहीत. परदेशी निघून गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचे काय होते, हे डिचोली तालुक्यास नवीन नाही. मयेतील जमिनी १९६४ च्या कायद्याखाली कस्टोडियनकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या ताबेदाराकडे, गेल्या आणि त्या सोडवताना तेथील लोकांच्या पिढ्या गेल्या. माळ्यावरील स्विंडनच्या मालमत्तेची कस्टोडियन आई आहे, आणि तिने आजवर भाडे मागितलेले नाही, याची येथे कृतज्ञतापूर्वक नोंद घेण्यात येत आहे.

सबब पृच्छेचे उत्तर पुढीलप्रमाणे. वाळवी लागलेल्या फळ्या, हॉर्लिक्सच्या फुटक्या बाटल्या आणि मागील निवडणुकांचे कापडी फलक टाकण्यात यावेत. फलकांपैकी जे पावसाळ्यात लाकडांवर घालण्याजोगे आहेत ते ठेवण्यात यावेत, आणि आई म्हणते की ते सगळेच आहेत. माटोळीच्या चौकटीस हात लावू नये. भाणाविषयी पेडण्याच्या आत्यांना आधी फोन करावा, मुंबईच्या आत्यांना नंतर, आणि दोघींना परस्परांकडून कळण्याच्या आत. सुतळीचा डबा जेथे होता तेथे असू द्यावा. वह्यांच्या खोक्यांबाबत निर्णय चवथीला समक्ष घेतला जाईल; तो मागील चवथीलाही घेतला जाणार होता.

२७ ऑगस्टच्या चवथीसाठी बिऱ्हाड त्या आधीच्या आठवड्यात येत असून, विमान कंपनीने मंजूर केलेल्या वजनात नातीचे लहान झालेले कपडे, पाव भाजण्याचे यंत्र, एक गालिचा आणि कोंडोबाईंचे पुस्तक सोबत आणत आहे, कारण ते पुस्तक एकदा वाचून झाल्यावर घरात ठेवणे त्यातील शिकवणुकीशी विसंगत ठरते. परतीच्या वजनात सोला, काजू आणि चेपणीच्या आंब्यांची एक लहान बरणी बसवावी लागेल. तरी सुतार घरात आहेच, तेव्हा माळ्याची फळी पूर्वेच्या भिंतीपर्यंत वाढवून घ्यावी. खर्च इथून पाठवला जाईल, आणि त्यास आत्यांची संमती लागत असल्यास ती भाणाच्या फोनमध्येच मागून घ्यावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले आज्ञाधारक,
स्विंडनचे बिऱ्हाड