मिशी एका काळातली, गाणी दुसऱ्या

हॉल अँड ओट्स या गायक जोडीची ६ गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांतलं एकही नसलेली सीडी ‘सर्वोत्तम गीते’ म्हणून विकायला छाती लागते. ती विकत घ्यायलाही. मुखपृष्ठावर ऐंशीच्या दशकातले जॉन ओट्स, त्या सुप्रसिद्ध मिशीसकट. आत मात्र फिलाडेल्फियातल्या उमेदवारीच्या काळातली ध्वनिमुद्रणं. मिशीचा आणि गाण्यांचा परिचय नसावा.

तिसऱ्या गाण्यात पियानो जिन्याखाली ठेवल्यासारखा वाजतो. पण डॅरिल हॉल वरच्या पट्टीत शिरतो आणि पैसे वसूल. (वसूल कसले, एका मिसळीची तर किंमत!)

तसा अप्रसिद्धी हा तात्पुरताच हुद्दा. या जोडीचं ‘शीज गॉन’ हे गाणं १९७३च्या अल्बममधलं. तेव्हा त्याला फारसं कुणी विचारलं नाही. १९७४मध्ये टॅव्हारेस बंधूंनी ते गाऊन सोल संगीताच्या यादीत अव्वल नेलं. मग १९७६मध्ये मूळ गाणं पुन्हा बाजारात आलं आणि थेट पहिल्या दहांत. श्रोत्यांचे कान तेवढ्यात सुधारले म्हणायचे.

माझ्या सीडीवर सालं छापलेलीच नाहीत. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, “जुनी आहेत साहेब, चांगलीच असणार.”